भिंतीला टेकलेली आग

१

टाइल जळाली होती, शॉटच्या फायलींपैकी एक गायब होती, आणि गुन्हेगार कोण ते अहवालात आधीच टाइप होऊन गेलं होतं. राहिली होती फक्त सही.

"इथे, बाई," संचालकांनी पेन पुढे केलं. "शेवटच्या पानावर."

बाईंनी पेन घेतलं नाही. पर्समधून चष्मा काढला आणि पहिलं पान उघडलं. संचालकांच्या कपाळाला आठी पडली. सही करायला बोलावलेल्या माणसाने वाचत बसावं, हा त्यांच्या लेखी उद्धटपणाच होता.

सगळी प्रयोगशाळा त्यांना समोर बाई आणि माघारी मापनबाई म्हणे. ज्याला हात लावता येत नाही ते मोजायचं, यात त्यांची उभी नोकरी गेली होती. शेजारच्या हॉलमध्ये सायकलच्या ट्यूबसारखी एक भलीमोठी गोल पोकळी होती. तिच्यात वायू इतका तापवत की जगातलं कुठलंही भांडं त्याला पुरं पडू नये. म्हणून त्या तापलेल्या वायूला, प्लाझ्माला, चुंबकांनी अधांतरी धरायचं. तो भिंतीला शिवला की खेळ खलास. अशा क्षणभराच्या एका खेपेला शॉट म्हणत. भिंतीतल्या कॉइली, म्हणजे तारांची छोटी वेटोळी, तो कुठे आहे ते सांगत, आणि त्यावरून कोणीतरी त्याला सारखं मध्यभागी ढकलत राहावं लागे. पूर्वी हे काम बाई बटणं फिरवून करत. मग एक मुलगी नोकरीला लागली. तिने 'लगाम' नावाचा प्रोग्राम लिहिला, बाईंची सगळी बटणं काढून टाकली, आणि एवढ्यावर न थांबता बाईंच्या मुलाशी लग्न केलं.

अहवालाचं म्हणणं सरळ होतं. परवा दुपारच्या जेवणानंतरच्या पहिल्याच शॉटला लगामाने प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर नेऊन घातला. प्रोग्राम सदोष, लिहिणारी निष्काळजी. तिला कामावरून कमी करावं आणि लगाम कायमचा बंद करावा.

"तुमची सूनच आहे, म्हणून तर मुद्दाम तुम्हाला बोलावलं," संचालक गोड आवाजात म्हणाले. "घरच्याच माणसाने सही केली की कोणी बोट दाखवणार नाही. अहवाल मी स्वतः बसून टाइप केलाय, बाहेर फुटायला नको म्हणून. आणि लगामाबद्दल तुमचं मत काय, ते कोणाला ठाऊक नाही?"

सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीच्या निरोप समारंभात बाईंनी भर सभेत लगामाची अशी सालटी काढली होती की तेव्हापासून घरात सासू-सुना कामापुरत्याच बोलत. खरं सांगायचं तर अहवाल वाचताना त्यांना आतून थोड्या गुदगुल्याही झाल्या. पाठोपाठ स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की बाई जास्तच बारकाईने वाचत.

शेवटी एक फोटो होता. जळालेली ग्राफाइटची टाइल, तिच्यावर काळ्या तिरप्या रेघा. रेघा उजवीकडे झुकलेल्या, या यंत्रातल्या आजवरच्या प्रत्येक डागासारख्या. टाइल बसवताना उलटसुलट होऊ नये म्हणून कोपऱ्यात असते ती खाच वर उजवीकडे दिसत होती. बाई फोटोकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना.

"वेढ्याची फाइल कुठाय?" त्यांनी विचारलं. वेढा म्हणजे पोकळीभोवती गुंडाळलेली एक तार. ती मोठ्या चुंबकाची दिशा आणि प्लाझ्माने किती उष्णता धरलीय ते मोजते. "बाकी सगळ्या आहेत. तेवढीच नाही."

"पुसली असेल तिने. चूक झाकायला."

"लगाम त्या वेढ्याकडे ढुंकूनही बघत नाही, साहेब. चोर आपल्या खोलीतलं सोडून शेजाऱ्याच्या खोलीतलं कशाला पुसेल?"

संचालकांनी पेनचं टोपण लावलं. "उद्या सकाळी बैठक आहे. तिथे करा सही. बैठक झाली की टाइल काढून टाकतोय."

"आधी मला ती बघायचीय."

"हॉलला कुलूप आहे, बाई."

हे मात्र त्यांनी बोलायला नको होतं. कुलूप हा शब्द ऐकून बाई कधी घरी गेल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

२

घरी जायच्या आधी त्या नियंत्रण कक्षात डोकावल्या. मंडळी खालमानेने काम करत होती. एकाने सुनेच्या खुर्चीवर वायरची भेंडोळी टाकून ठेवली होती, जणू ती आता यायचीच नाही. बाईंनी ती उचलून जमिनीवर ठेवली आणि परवाच्या शॉटची फिल्म लावायला सांगितलं.

फिल्म पापणी लवायच्या आत संपायची, म्हणून ती संथ करून दाखवत. गुलाबी धुकं उगवलं, गोल भरलं, आणि पहिल्यापासूनच बाहेरच्या बाजूला सरकून उभं राहिलं. थरथर नाही, हेलकावा नाही. फुगत फुगत शांतपणे भिंतीला टेकलं आणि तिथे पांढरा जाळ झाला.

"उधळला म्हणता ना?" बाई मोठ्याने म्हणाल्या. "हा कुठे उधळलाय? हा तर सांगितल्या जागी जाऊन उभा राहिलाय."

जो तो आपल्या पडद्यात डोकं खुपसून बसला.

घरी सून स्वयंपाकघरात बसून मिक्सर खोलत होती. मिक्सर बिघडलेला नव्हता. कामावरून घरी बसवलेल्या हातांना काहीतरी लागत होतं, एवढंच. बाईंना पाहून मुलाने दोघींसाठी चहा ओतला आणि "मी जरा खाली जाऊन येतो" म्हणत काढता पाय घेतला. या घरात तेवढं शहाणपण त्याने कमावलं होतं.

"शॉटच्या आधी काय काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"आई म्हणून विचारताय की बाई म्हणून?"

"बाई म्हणून. आई म्हणून विचारायचं असतं तर आधी तो मिक्सर जोड म्हटलं असतं."

सुनेच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. "नेहमीचंच सगळं. सकाळी कोरा शॉट घेतला. चुंबक चालू, वायू नाही. तुमच्या कॉइली जराशा तिरक्या बसल्यात ना? मोठ्या चुंबकाचं थोडं त्यांच्यात झिरपतं. ते किती, ते कोऱ्या शॉटवरून काढलं आणि लगामाला वजा करायला सांगितलं. दुपारपर्यंतचे शॉट सुतासारखे सरळ. जेवून आलो, आणि पहिल्याच शॉटला हे."

"जेवणानंतर कोरा घेतला नाहीस?"

"कशाला घेऊ? काही बदललं तर कोरा घ्यायचा, हा तुमचाच नियम. काहीच बदललं नव्हतं." तिने स्क्रूड्रायव्हर आपटला. "फोटोही मीच काढला, खिडकीतून. साहेबांनी कॅमेऱ्यातलं कार्डच काढून घेतलं. मला बघूही दिला नाही."

"जेवायला कोण नव्हतं?"

"वीजकाका नव्हते. साहेब तर कधीच आमच्यात जेवत नाहीत. पंडित आला होता, पण अर्धं ताट टाकून उठला." ती थांबली. "बाई, एक सांगू? तुम्हाला वाटतंय ना लगामच चुकला म्हणून? वाटू दे. पण मी चुकले नाही. तुम्ही सही केलीत तरी मी हेच म्हणणार."

बाईंनी चहाचा घोट घेतला. पोरगी तोंडाची फटकळ होती, आणि हे पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

३

चहा संपताच बाई परत प्रयोगशाळेत गेल्या, थेट वीजकाकांकडे. वीजकाका म्हणजे मोठ्या चुंबकाचे रखवालदार. जाड तांब्याच्या पट्ट्यांमधून चुंबकाला वीज पोचते, त्या खोलीत ते घरच्यापेक्षा जास्त राहिलेले. बाई आणि ते एकाच वर्षी नोकरीला लागले होते. एरवी दारातूनच "या बाई" म्हणून ओरडणारे काका आज पाठ करून उभे राहिले.

"परवा जेवायला का नव्हतात?"

"पोट ठीक नव्हतं."

बाई पट्ट्यांजवळ गेल्या. दोन पट्ट्या समोरासमोर बोल्टने जोडलेल्या होत्या. बाकीचं तांबं जुन्या भांड्यासारखं काळपट पडलेलं, पण या चार बोल्टांभोवती मात्र लख्ख चमकत होतं.

"खोललं होतं?"

"साफसफाई. अधूनमधून करावी लागते."

"एवढ्याच चार बोल्टांची?"

काकांनी खिशातून फडकं काढलं आणि उगाचच हात पुसले. हात स्वच्छ होते. बाईंनी पट्ट्यांच्या अलीकडची पेटी पाहिली. चुंबकात किती वीज गेली ते सांगणारा मीटर तिथे होता, जोडांच्या अलीकडे. पुढे त्या पट्ट्यांचं काय केलं, ते मीटरला कळायचं काही कारण नव्हतं.

"काका, पोरगी घरी बसलीये."

"तिला काही होणार नाही," ते पटकन म्हणाले. "नुसती तोंडी समज देतील. मला तसं सांगितलंय."

"कोणी?"

काका फडक्याची घडी घालत राहिले.

"कामावरून काढतायत तिला," बाई म्हणाल्या. "मी स्वतः वाचून आलेय."

वीजकाका मटकन स्टुलावर बसले. बाईंनी त्यांना आणखी छेडलं नाही. इतक्या वर्षांची ओळख होती. माणूस कधी बोलतो आणि कधी नुसता ऐकतो, एवढं त्यांना समजत होतं.

४

पंडित हा सिद्धांतवाला. फळ्यावर जगणारा माणूस, हॉलमध्ये गेला की कशाला तरी अडखळून पडणारा. त्याचं एकच तुणतुणं होतं. मोठं चुंबक उलट्या दिशेने चालवलं, तर प्लाझ्माच्या कडेने होणारी उष्णतेची गळती निम्मी होईल. संचालकांनी हे तुणतुणं एका मोठ्या परिषदेत आपलं म्हणून वाजवलं होतं आणि लवकरच सिद्ध करून दाखवतो असा शब्दही देऊन बसले होते.

"पण लाल दिवा आडवी आली," पंडित म्हणाला. लाल दिवा म्हणजे सुरक्षाप्रमुख. ती कुठे उगवली की काम थांबे, म्हणून हे नाव. "उलट दिशेने चुंबकाच्या आधारांवर उलटा ताण येतो. आधार तपासल्याशिवाय अजिबात नाही म्हणाली. आमचा अर्ज फेटाळला."

"फार वाईट वाटलं असेल."

"हो ना, फार." वाईट वाटलेल्या माणसाच्या मानाने पंडिताचे डोळे भलतेच चमकत होते. टेबलावर कागदांचा ढीग, केस विस्कटलेले, कालचाच शर्ट.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. एक वळणदार रेघ होती, तिच्याभोवती खडूचे ठिपके. काही रेघेवर, काही वर, काही खाली. एक ठिपका तर बराच लांब पडला होता आणि त्याच्याभोवती पंडिताने वैतागून गोल काढला होता.

"हे काय?"

"तेच. माझा सिद्धांत."

"रेघ सिद्धांताची आहे," बाई म्हणाल्या. "ठिपके?"

पंडिताने डस्टर उचललं. "असेच काढले, अंदाजाने."

"अंदाजाने काढलेले ठिपके कोणी रेघेच्या बाहेर काढत नाही, बाळा."

डस्टर फळ्यावरून फिरलं. बाईंनी त्याला पुसू दिलं. त्यांना हवं होतं ते बघून झालं होतं.

५

लाल दिव्याने किल्ली द्यायला आढेवेढे घेतले नाहीत. संचालकांचं कुलूप तिला विचारून लावलेलं नव्हतं, आणि तेवढं कारण तिला पुरेसं होतं. ती स्वतः बाईंबरोबर आली. उंच, सरळ पाठीची बाई, चेहऱ्यावर कायम एक 'नाही' तयार ठेवलेला.

हॉलमध्ये यंत्र थंड उभं होतं. बाईंनी काचेच्या खिडकीला कपाळ टेकलं आणि टॉर्च आत धरला. समोरच्या भिंतीवर राखाडी टाइल्सची ओळ. वर्षानुवर्षांचे फिकट डाग, सगळ्यांच्या रेघा उजवीकडे झुकलेल्या. आणि मधोमध नवी जखम.

बाईंनी टॉर्च काचेवर घट्ट दाबला. आनंदाने की रागाने, ते त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"मॅडम, तुम्ही बघा," त्या बाजूला झाल्या. "जुन्या डागांच्या रेघा कुठे झुकल्यात?"

"उजवीकडे."

"नव्याच्या?"

लाल दिव्याने बराच वेळ पाहिलं. "डावीकडे."

"आणि टाइलची खाच?"

"वर, डाव्या कोपऱ्यात. सगळ्याच टाइल्सची डाव्या कोपऱ्यात आहे."

बाईंनी पर्समधून अहवालाचा फोटो काढून तिच्या हातात दिला. फोटोतली खाच उजवीकडे होती, आणि रेघाही उजवीकडे.

"हा फोटो या टाइलचा नाही," लाल दिवा म्हणाली.

"याच टाइलचा आहे. कोणीतरी तो आरशात धरल्यासारखा उलटा करून छापलाय." बाईंनी टॉर्च बंद केला. "उद्याच्या बैठकीला माझ्या सुनेलाही बोलवा. आरोप तिच्यावर आहे, तिला आत येऊ द्या."

६

बैठकीच्या खोलीत संचालक टेबलाच्या टोकाला बसले होते. एका बाजूला पंडित आणि वीजकाका, दुसऱ्या बाजूला लाल दिवा आणि सून. अहवाल मधोमध ठेवला होता, पेन त्याच्यावर.

"मी सही करणार नाही," बाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "कारण सांगते. साध्या भाषेत सांगते, म्हणजे नंतर कोणाला समजलं नाही असं म्हणता येणार नाही.

"फिल्ममध्ये प्लाझ्मा डगमगलेला नाही. लगाम बिघडला असता तर तो इकडून तिकडे आपटला असता. हा पहिल्यापासून चुकीच्या जागी, पण ठाम उभा होता. म्हणजे ढकलणारा बरोबर होता. जागाच त्याला खोटी कळली.

"खोटी कशी? आपण दुकानात रिकाम्या भांड्याचं वजन वजा करतो, तसं लगाम तिरक्या बसलेल्या कॉइलींमध्ये होणारं चुंबकाचं झिरपणं वजा करतो. ते किती, हे सकाळच्या कोऱ्या शॉटवरून ठरतं. आता जेवणाच्या सुट्टीत कोणी चुंबकच उलटं केलं तर? झिरपणं उलट्या बाजूने येणार, लगाम बिचारा सकाळचं गणित धरून वजा करणार, आणि चूक जायच्या ऐवजी दुप्पट होणार. मीटर काही सांगणार नाही, तो जोडांच्या अलीकडे आहे. चार बोल्ट खोलून पट्ट्यांची अदलाबदल केली की झालं. ते चार बोल्ट मी लख्ख चमकताना पाहिलेत."

वीजकाकांनी मान खाली घातली.

"कल्पना छान आहे," संचालक हसले. "पण नुसती कल्पना."

"टाइलवर लिहिलंय, साहेब. प्लाझ्मातल्या चुंबकरेषांना दोरीसारखा पीळ असतो. तो भिंतीला टेकला की डाग त्या पिळाने तिरपा उमटतो. चुंबक उलटं केलं की पीळ उलटा पडतो. इथल्या सगळ्या डागांच्या रेघा उजव्या, नव्या डागाच्या डाव्या. मॅडमनी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या अहवालात मात्र रेघा उजव्या आहेत, कारण फोटो उलटा छापलाय. खाच बघा. फोटो हिने काढला. कार्ड तुम्ही घेतलंत. अहवाल तुम्ही एकट्याने टाइप केलात. मध्ये तिसरं माणूस नाही."

संचालकांनी फोटो उचलला, पाहिला, आणि सावकाश खाली ठेवला. ते मुरलेले होते. आवाज चढवायच्या ऐवजी त्यांनी तो उतरवला.

"ठीक आहे. आपण सगळे एकाच घरातली माणसं आहोत. अहवाल बदलू. 'मापनातील त्रुटीमुळे अपघात' एवढंच लिहू. कॉइली तिरक्या बसल्यात हे तर बाईच म्हणतात. कॉइली जुन्या, बसवणारी निवृत्त, कोणाची नोकरी जात नाही. तुम्ही उद्यापासून कामावर या," ते सुनेकडे वळले. "लगामही राहील. आणखी काय हवं?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. डाव उत्तम होता. पोरीची नोकरी वाचत होती, आणि बोल लागत होता तो एका म्हातारीच्या जुन्या कॉइलींना. ती हो म्हणाली असती तर बाईंनी तिला दोष दिला नसता.

"मला नको," सून म्हणाली.

"काय?"

"अशी नोकरी नको. कॉइली यांनी बसवल्यात. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, आणि कॉइलींनी जे सांगितलं ते माझ्या लगामाने केलं. दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नाही. खोटं माणूस बोललंय, आणि ते नाव अहवालात आलं पाहिजे. नाहीतर काढा मला."

"तर मग काढतो!" संचालकांचा तोल गेला. "पुरावा काय आहे तुमच्याकडे? चार जळक्या रेघा? वेढ्याची फाइल असती तर गोष्ट वेगळी. ती नाही!"

"आहे की," बाई म्हणाल्या. आवाज जरा घोगरा झाला होता, तो त्यांनी खाकरून सरळ केला. "हा पंडित, चुंबक उलटं चालवायला मिळावं म्हणून किती वर्षं देव पाण्यात घालून बसलाय. शेवटी एक शॉट मिळाला, भिंत जळेपर्यंतचा का होईना. त्या शॉटची फाइल पूस म्हणून तुम्ही याला सांगितलंत. यानेही साठ्यातून ती काढली. पण स्वतःजवळची पुसेल? ज्याने आयुष्यभर एका आकड्याची वाट बघितली, तो तो आकडा फेकून देतो होय? काल याच्या फळ्यावर ठिपके होते. ठिपके यंत्रातून येतात, पंडित. कुठाय ती फाइल?"

पंडित रडवेला झाला होता. त्याने संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी अगदी किंचित नकारार्थी मान हलवली. पंडिताने खिशात हात घातला, आणि सगळ्यांना वाटलं की हा आता रुमाल काढणार.

त्याने पेनड्राइव्ह काढून लाल दिव्यापुढे ठेवला.

"गळती खरंच कमी झाली होती," तो म्हणाला. "निम्मी नाही, पण झाली होती. ते मी पुसू शकत नाही. मला नोकरीवरून काढा, पण ते पुसू नका."

"पट्ट्या मी फिरवल्या," वीजकाका एकदम उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "साहेब म्हणाले, तोंडी परवानगी आलीये, लाल... मॅडमनी दिलीये. कोरा शॉट नको म्हणाले, उगाच चर्चा होते. संध्याकाळी पुन्हा सरळ करून घेतल्या. मी विचारायला हवं होतं, नाही विचारलं. आता काय करायचं ते करा, पण पोरीचं नाव खोडा."

लाल दिव्याने अहवाल पुढे ओढला, शेवटचं पान फाडलं आणि चार तुकडे केले. "मी तोंडी परवानगी देत नाही," ती संचालकांना म्हणाली. "कधीच दिलेली नाही. हे सगळं आजच वर जाईल."

"जाऊ दे," संचालक उठले. "निर्णय होईपर्यंत संचालक मीच आहे."

"आणि यंत्र माझ्या ताब्यात आहे," ती म्हणाली. "प्लाझ्मा बंद."

"प्लाझ्मा नको," सून म्हणाली. "पण मला एक कोरा शॉट हवाय. आत्ता, सगळ्यांसमोर. ज्यांनी माझ्या खुर्चीवर सामान टाकलं त्यांच्यासमोर."

लाल दिव्याच्या चेहऱ्यावरचा तयार 'नाही' क्षणभर तसाच राहिला. मग ती म्हणाली, "वायूच्या झडपा बंद आहेत हे मी स्वतः तपासणार."

नियंत्रण कक्षात पाय ठेवायला जागा राहिली नाही. वीजकाका आपल्या खोलीतून फोनवर होते, पट्ट्या सरळ असल्याचं दोनदा सांगत होते. सून आपल्या खुर्चीत बसली. बाई पाठीमागे उभ्या राहिल्या. मोठं चुंबक घुमू लागलं, काचा थरथरल्या. पडद्यावर कॉइलींच्या रेघा वर उचलल्या गेल्या, लगामाने झिरपणं वजा केलं, आणि सगळ्या रेघा खाली येऊन शून्यावर आडव्या पडल्या. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तरीही कोणी जागचं हललं नाही.

"नीट बघून घ्या," सून मागे न वळता म्हणाली. "लगाम हे करतो. एवढंच करतो, आणि बरोबर करतो."

ज्याने वायरची भेंडोळी टाकली होती, तो कोणाच्या तरी खांद्यामागे सरकला.

संचालक दारात उभे होते. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा चढला होता. "आज मिरवून घ्या, बाई. पण एकदा इथून बाहेर पडलात की मी खुर्चीवर असेपर्यंत या दारातून तुम्हाला पुन्हा आत घेणार नाही."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती. त्यांनी ती फरफटत आणली आणि सुनेच्या शेजारी ठेवली.

"मग मी बाहेरच पडत नाही," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

सुनेने आपली खुर्ची थोडी सरकवली, पडदा दोघींना दिसेल असा वळवला आणि फोन उचलला. "काका, पुढचा कोरा शॉट. तयार?"